डिक्कीतला डबा आणि धाराशिवचं ऊन

मे महिन्यातली टळटळीत दुपार. तुळजापूरला दर्शन झालं, धाराशिव ओलांडलं आणि येडशीच्या अलीकडे चहाला थांबलो. परत येऊन किल्ली फिरवली तर सेल्फ नुसता कटकट करतोय, इंजिन काही उठेना. तरी मी निवांत होतो, कारण डिक्कीत बसलेल्या बॅटरीची गाडी उठवणारा जंप स्टार्टर होता. दोन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला, विटेएवढा काळा डबा, लाल आणि काळा असे दोन चिमटे, चार हिरवे दिवे. पिशवीची चेन उघडून तो बाहेर काढला तर त्याची शिवण उकललेली आणि पोट पुढं आलेलं. शेजारच्या पंक्चरवाल्यानं लांबूनच पाहिलं. "दादा, हे पुरीवानी टम्म फुगलंय की! गाडीला लावू नका बरं." शेवटी टपरीवरच्या चौघांनी मागून रेटा दिला आणि दुसऱ्या गिअरवर गाडी धक्क्यानं सुरू झाली.

बनवणाऱ्याला मनसोक्त शिव्या घालून झाल्यावर घरी येऊन डब्यासोबत आलेलं पत्रक शोधलं. मुंगीएवढ्या अक्षरांतलं ते पत्रक मी तोवर कधी उघडलंच नव्हतं. मग त्याच्या पाठोपाठ आणखी बरंच वाचून काढलं आणि हळूहळू उमगलं की निम्मा दोष ठेवणाऱ्याचा होता. तो डबा दोन उन्हाळे डिक्कीत पडून होता. दर महिन्याला आठवणीनं मी तो शंभर टक्के चार्ज करत होतो आणि पुन्हा डिक्कीत ठेवत होतो. आपण वस्तू किती नीट सांभाळतो, असा गोड समजही होता. नेमकी हीच काळजी त्याला भोवली.

आधी डब्यात असतं काय ते पाहू. बहुतेक जंप स्टार्टरमध्ये लिथियमचे तीन चपटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेल भरलेला असताना ४.२ व्होल्टचा, म्हणजे तिघांचे मिळून १२.६. गाडीतली शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असताना तीही १२.६ च्याच आसपास असते, म्हणून हा मेळ बसतो. खोक्यावर 'हजार अँपिअर', 'दोन हजार अँपिअर' असे जे आकडे मिरवतात, ते क्षणभराचे असतात. त्यांच्याकडे जत्रेतल्या जाहिरातीइतकंच लक्ष द्यावं. लिथियम-आयन सेल बाजारात आणला सोनी कंपनीनं १९९१ मध्ये, आणि ज्यांच्या कामावर तो उभा आहे त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मोबाईल, लॅपटॉप अशा वस्तूंसाठी ही बॅटरी घडली. या वस्तू माणसाच्या खिशात किंवा टेबलावर, म्हणजे माणसाला सोसेल अशा हवेतच वावरणार होत्या. जंप स्टार्टर निघाला तेव्हा तोच सेल उचलून आपण एमएच २५ च्या डिक्कीत नेऊन ठेवला.

आता पत्रकावरची ती ओळ: साठवणुकीचं तापमान उणे २० ते ६० अंश. ती वाचून कुणीही म्हणेल, आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर फारसा जात नाही, म्हणजे अठरा अंश हाताशी शिल्लक आहेत. यात दोन ठिकाणी फसगत होते.

पहिली पाऱ्याची. वर्तमानपत्रात येणारा आकडा हवामान खात्याचा तापमापक सांगतो, आणि तो तापमापक सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत खेळत्या हवेत टांगलेला असतो. काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीला यातलं काहीच लागू होत नाही.

दुसरी फसगत काळाची, आणि ती जास्त महाग पडते. सेल बनवणाऱ्यांच्या मूळ तांत्रिक पत्रकात साठवणुकीचा आकडा एक नसतो, सहसा तीन असतात. साठ अंशांपर्यंत एक महिना, पंचेचाळीसपर्यंत तीन महिने, पंचवीसपर्यंत एक वर्ष. हेच सेल डब्यात भरून खोकं दुकानात येईपर्यंत तिन्हींतला सर्वात मोठा आकडा तेवढा छापला जातो. 'एक महिना' हे शब्द वाटेत कुठंतरी गळून पडतात. स्वीडनच्या स्वान्ते अरेनियस यांनी १८८९ मध्ये उष्णता आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचं गणित मांडलं. त्यावरून व्यवहारात एक ढोबळ नियम चालतो, की दर दहा अंशांना क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. पंचवीसवरून पंचेचाळीसवर गेलं की वेग चौपट. म्हणून वर्षाचे तीन महिने झाले. साठपर्यंत गेलं की वेग अकरापट-बारापट, म्हणून महिना. आपला उन्हाळा गुढीपाडव्याला सुरू होतो आणि मृग निघेपर्यंत चालतो. हे अडीच महिने झाले. डिक्कीतल्या डब्याची मुदत पहिल्याच वैशाखात संपते, म्हणायला हरकत नाही.

ही क्रिया म्हणजे काय, तर दुधावरची साय. सेलमध्ये एका बाजूला ग्रॅफाइट असतं आणि त्याच्यावर पहिल्या काही चार्जिंगमध्येच एक पातळ थर धरतो. तो हवाच असतो. त्याच्यामुळे आतला द्रव आणि ग्रॅफाइट यांची थेट गाठ पडत नाही. पण उष्णतेत ही साय जाड होत जाते. जाड व्हायला तिला कामाचं लिथियम लागतं आणि द्रवही लागतो, आणि या भानगडीत वायू तयार होतो. सेल मऊ पाकिटात बंद असतो, वायूला वाट नसते, मग पाकीट फुगतं. माझ्या डब्याची शिवण उकलली ती याच वायूनं. डबा पूर्ण भरलेला असेल तर दुसऱ्या टोकालाही द्रव जळत जातो, कारण ४.२ व्होल्ट हा त्याच्या सोसण्याचा काठ. भरल्या पोटी उन्हात बसवलेल्या माणसासारखी त्याची गत होते.

भरलेलं आणि अर्धं भरलेलं यातला फरक किती, हे कॅनडातले बॅटरीतज्ज्ञ इसिडोर बुकमन यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत लख्ख दिसतं. पंचवीस अंशांत वर्षभर ठेवलेल्या लिथियम-आयन सेलमध्ये चाळीस टक्के चार्ज असेल तर ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते, शंभर टक्के चार्ज असेल तर ८०. चाळीस अंशांत वर्षभर ठेवला तर अनुक्रमे ८५ आणि ६५. साठ अंशांत तीनच महिन्यांत ७५ आणि ६०. गमतीचा भाग पाहा. चाळीस अंशांत अर्धवट भरलेला सेल हा पंचवीस अंशांत पूर्ण भरलेल्या सेलपेक्षा चांगला टिकतो. ऊन आपल्या हातात नाही, पण किती भरायचं ते नक्कीच आहे, आणि हा उपाय फुकट आहे. नवा डबा घरी येतो तेव्हा सहसा अर्धाही भरलेला नसतो, त्याचं कारणही यात आहे. नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या विमानानं माल म्हणून पाठवायच्या तर त्या तीस टक्क्यांहून जास्त भरलेल्या नसाव्यात, असा आंतरराष्ट्रीय नियम एप्रिल २०१६ पासून लागू आहे.

मग अडचण अशी की अर्धा भरलेला डबा ऐन वेळी गाडी उठवेल का? इथं थोडा हिशेब करावा. साध्या पेट्रोल गाडीचा सेल्फ दोनशे अँपिअर घेतो आणि दोन सेकंद फिरतो असं धरलं, तर त्यात एक वॉट-तासाहून थोडीच जास्त ऊर्जा उडते. बारा हजार एमएएचच्या डब्यात चव्वेचाळीस वॉट-तास असतात. म्हणजे अख्खा डबा भरून ठेवणं हे एका तांब्याभर पाण्यासाठी हौद भरून ठेवण्यासारखं झालं. डिझेल बोलेरो, पिकअप, ट्रॅक्टर यांना झटका जोराचा लागतो, तिथं थोडं जास्त भरलेलं बरं. माझं मत असं की चारपैकी तीन दिवे पेटत असतील तर त्याहून जास्त भरू नये; उन्हाळ्यात घरात नुसता पडून राहणार असेल तर दोन दिवेही पुरे.

दिव्यांवरून आठवलं. हे दिवे फसवे असतात. ते व्होल्टेज मोजतात, ताकद मोजत नाहीत. साय जाड झाली की सेलचा आतला अडथळा वाढतो. निवांत पडलेला असताना तो पूर्ण भरलेला दिसतो, पण सेल्फनं एकदम ओढ घेतली की व्होल्टेज कोसळतं. बैल दावणीला उभा असताना धडधाकटच दिसतो, नांगराला जुंपल्यावर कळतं. म्हणून तीन उन्हाळे काढलेल्या डब्याचे चारही दिवे पेटले तरी त्याच्या भरवशावर रात्रीच्या प्रवासाला निघू नये. वर्षातून एकदा, गाडीची बॅटरी चांगली असतानाच, मिस्त्रीकडून तिची तार काढवून नुसत्या डब्यावर सेल्फ फिरतो का ते बघणं हीच खरी परीक्षा. पण डब्याच्या पत्रकात तशी परवानगी आहे का ते आधी वाचावं. काही डब्यांना गाडीला बॅटरी जोडलेली असणं आवश्यक असतं.

गाडीत किती तापतं? अमेरिकेत ॲरिझोनाच्या टेंपी शहरात तिथल्या राज्य विद्यापीठाच्या आणि सॅन डिएगोच्या संशोधकांनी भर उन्हाळ्यात गाड्या लावून मोजमाप केलं. ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. बाहेर ३८ अंशांच्या वर ऊन. उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाडीत हवेचं तापमान सरासरी ४७, आसनाचं ५१, स्टिअरिंगचं ५३ आणि डॅशबोर्डचं ६९ अंश. सावलीतल्या गाड्यांत हवा ३८ आणि डॅशबोर्ड ४८. टेंपीचं ऊन आणि परंड्याचं ऊन यात मेमध्ये फार अंतर नाही, त्यामुळे हे आकडे आपल्याला उचलायला हरकत नाही. त्यांतून दोन गोष्टी निघतात. डॅशबोर्डवर, मागच्या काचेखालच्या फळीवर डबा ठेवला तर पत्रकावरची साठची लक्ष्मणरेषासुद्धा ओलांडली जाते. आणि सावलीतली गाडी ही निराळीच गाडी असते: डॅशबोर्डवर वीस-एकवीस अंशांचा फरक पडतो. अमेरिकेतच २००५ मध्ये झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की गाडीतली जी काही तापमानवाढ तासाभरात व्हायची, तिच्यातला ऐंशी टक्के वाटा पहिल्या अर्ध्या तासात होऊन जातो, आणि काच थोडी खाली ठेवल्यानं फरक पडत नाही. 'पाच मिनिटांत दर्शन घेऊन येतो' म्हणून महाद्वाराच्या रांगेत उभं राहणाऱ्यानं हे ध्यानात घ्यावं. डब्यापेक्षा लेकरासाठी तर आधी.

गाडीतच ठेवायचा तर सीटखाली, पायाशी, कापडात गुंडाळून. तिथं ऊन थेट लागत नाही. डिक्की बंद असली तरी वरचा पत्रा उन्हात असतो आणि आतली हवा हलत नाही, शिवाय तिथं जॅक आणि पाना डब्यावर आपटत राहतात. चपट्या सेलला पोचा बसणं हे उन्हाइतकंच वाईट.

यात एक विचित्र योगायोग आहे. गाडीची शिशाची बॅटरीही उष्णतेनंच मरते. तिच्यातलं पाणी उडतं, आतल्या शिशाच्या जाळ्या गंजतात. पण मरण उन्हाळ्यात दिसत नाही. ते दिसतं पावसाळ्यात किंवा मार्गशीर्षातल्या गार सकाळी, इंजिनाचं तेल घट्ट झालेलं असताना. त्या सकाळी आपण ज्या डब्याकडे हात करतो, तो त्याच उन्हाळ्यात त्याच गाडीत भाजून निघालेला असतो. आजारी आणि वैद्य एकाच साथीत सापडावेत, तसं.

आता भीतीचा विषय: उन्हात ठेवलेला डबा पेट घेतो का? धडधाकट सेल नुसत्या गाडीतल्या उन्हानं सहसा पेटत नाही. आतल्या दोन टोकांना वेगळं ठेवणारा प्लॅस्टिकचा पडदा वितळतो साधारण १३० अंशांना, आणि साय फुटून आतून उष्णता सुटायला सुरुवात होते तीही ऐंशीच्या पुढं. डॅशबोर्डचे सत्तर अंश त्याच्या अलीकडेच थांबतात, पण फार अलीकडे नाही. सेलमध्ये कारखान्यातला दोष असेल, पोचा असेल, आधीच फुगलेला असेल, किंवा उन्हात तापलेल्या डब्याला तसंच चार्जिंगला लावलं, तर उरलेलं अंतर झटक्यात संपतं. चार्जिंगची मर्यादा वेगळी आहे, बहुतेकदा शून्य ते पंचेचाळीस अंश. साठवायला साठ चालतात म्हणून भरायलाही चालतात, असं नाही. दुपारी गाडीतून काढलेला डबा आधी तासभर घरात निवू द्यावा, मगच वायर लावावी. गाडी सुरू करून दिल्यावरही तोच नियम. इतका मोठा झटका दिल्यावर तो आतून गरम असतो.

महाराष्ट्रानं हा विषय २०२२ च्या उन्हाळ्यात रस्त्यावर पाहिला. मार्चअखेरीस पुण्यात लोहगावला एक इलेक्ट्रिक स्कूटर उभ्या उभ्या पेटली, आणि एप्रिलमध्ये नाशिकजवळ स्कूटर भरलेल्या कंटेनरला आग लागून वीसेक स्कूटर जळाल्या. देशात इतरत्रही तेव्हा अशा घटना घडल्या. त्यानंतर वाहनांच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ या मानकात सुधारणा झाली आणि ती डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. पण ते मानक वाहन ओढणाऱ्या बॅटरीचं आहे. त्याच वाहनात सीटखाली पडलेल्या जंप स्टार्टरला ते लागू नाही. सेलसाठी आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १६०४६ आहे, त्याखाली नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणी क्रमांक आर या अक्षरानं सुरू होतो. डबा घेताना दुकानदाराला हा क्रमांक विचारावा. त्यानं 'असलं काही नसतं' म्हटलं, तर डबा तिथंच ठेवून यावं.

म्हणजे उन्हाळ्यात डबा घरात. पण घरात कुठं? हा प्रश्न मला सर्वात रोचक वाटतो, कारण आपल्या जिल्ह्यात गारव्याची जागाच बदलून गेली आहे.

आमच्या लहानपणी घरं माळवदाची होती. दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी पाटाई आणि तिच्यावर हात-दीड हात मातीचा थर. बाहेर वैशाख पेटलेला असताना मधल्या घरात अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटायचं. ऊन मातीतून झिरपत आत पोचेपर्यंत दिवस मावळायचा. भिंतीत देवळ्या असायच्या, आणि त्या काळी कुणी लिथियमचा डबा आणला असता तर देवळीइतकी आदर्श जागा त्याला सापडली नसती. जमिनीखालचं पेव हा याच विद्येचा दुसरा भाग. वर्षानुवर्षं ज्वारी त्यात सुखरूप राहायची, आणि उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी आतली कोंदलेली हवा जाऊ द्यायची, हे पोरासोरांनाही ठाऊक असायचं. कुठली वस्तू किती उष्णतेत, किती हवेत, किती दिवस टिकते याचं ज्ञान या भागाला नवं नाही.

मग १९९३ साली ३० सप्टेंबरची भूकंपाची पहाट आली. किल्लारीपासून सास्तूरपर्यंत त्याच जाड भिंती आणि त्याच मातीनं हजारो माणसं गाडली. त्यानंतर माळवदाखाली झोपायची कुणाची छाती होईना, आणि ते बरोबरच होतं. नवी घरं आली ती सिमेंटची, स्लॅबची, आणि जिथं पैसा पुरला नाही तिथं पत्र्याची. जीव वाचवणारी घरं आली, गारवा गेला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत ओततो. पत्रा तर थेट तव्यासारखा. पत्र्याच्या शेडमध्ये छताजवळच्या फळीवर ठेवलेला डबा आणि गाडीतला डबा यात मी फारसा फरक करणार नाही.

तेव्हा आजच्या घरात शोधायचं ते असं: खालचा मजला, उत्तरेची किंवा मधली खोली, पश्चिमेची भिंत टाळून, आणि जमिनीलगत. गरम हवा वर जाते, म्हणून माळ्यापेक्षा पलंगाखालची फरशी केव्हाही गार. लोखंडी कपाटात, कागदपत्रांच्या शेजारी नको. फ्रिजमध्ये ठेवण्याची युक्ती काहीजण सांगतात. ती करू नये. बाहेर काढला की गार डब्यावर दव धरतं आणि पाणी आतल्या पट्टीवर उतरतं. ओल्या गोणपाटात गुंडाळण्याचंही तेच. शेतावर राहणाऱ्यांना एकच सांगणं: कडब्याच्या गंजीजवळ, सोयाबीनच्या बारदानाशेजारी किंवा औषध फवारणीच्या डब्यांबरोबर हा डबा ठेवू नका आणि तिथं चार्जिंगला तर मुळीच लावू नका. सेल पेटला तर एकवेळ विझवता येईल, कडबा पेटला की गाव धावून आलं तरी फक्त बघत राहतं.

या वस्तूची खरी अडचण अशी की ती वर्षातून एखाद्या वेळी लागते, म्हणून एरवी विसरली जाते. मोबाईलमध्ये आठवण लावून ठेवणारे ठेवोत. मला आपलं पंचांग बरं वाटतं. गुढीपाडव्याला डबा गाडीतून घरात आणायचा आणि दोन-तीन दिव्यांवर ठेवायचा. लांबच्या प्रवासाला निघताना पाण्याच्या बाटलीसारखा हातात घ्यायचा, पोचलो की पिशवीसकट खोलीत न्यायचा. मृगाचा पाऊस झाला की पुन्हा गाडीत, सीटखाली. खंडेनवमीला सगळी हत्यारं पुसून पुजतोच, तेव्हा हाही बाहेर काढायचा: शिवण बघायची, सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का ते बघायचं, चिमट्यांवरचा गंज घासायचा, एकदा वापरून बघायचा. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर गाड्यांची जी झुंबड असते, त्यात बॅटरी बसलेली गाडी हमखास भेटते. परीक्षेला दुसरीकडे जावंसुद्धा लागत नाही.

थंडीचं आपल्याकडे फारसं काही नाही. पौषात कळंब-वाशीकडे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडला पाचच्याही खाली जातो. एवढ्यानं लिथियमचं काही बिघडत नाही. उलट ही त्याच्या आवडीची हवा. अडचण शून्याखाली सुरू होते, आणि ती उन्हाच्या अगदी उलट जातीची आहे. ऊन सेलला कायमचं खातं, थंडी त्याला नुसतं झोपवते. आतला द्रव घट्ट होतो, झटका मिळत नाही. ऊब दिली की ताकद परत येते. इकडून गाडी घेऊन लेह-लडाखला जाणारे आता कमी नाहीत. त्यांनी रात्री डबा गाडीत न ठेवता खोलीत न्यावा, सकाळी जॅकेटच्या आत धरून गाडीपर्यंत आणावा. टोरांटो-मिनेसोटाकडे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांना हे तोंडपाठ असतं. एक मात्र सांभाळायचं: गोठलेल्या डब्याला चार्जिंगला लावायचं नाही. शून्याखाली भरायला गेलं की लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पाठीवर धातू होऊन साचतं, आणि हे नुकसान ऊब देऊन भरून येत नाही.

ज्यांना ही घरात-गाडीत ये-जा जमणार नाही, म्हणजे टेंपोवाले, रुग्णवाहिकेचे चालक, दिवसभर फिरणारे, त्यांनी डबा विकत घेतानाच आतलं रसायन विचारावं. लिथियम आयर्न फॉस्फेट हा सेलचा दुसरा प्रकार. टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्याच गटात अक्षय पाधी यांनी त्यावर काम केलं आणि १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. यात चार सेल लागतात, वजन थोडं वाढतं, पण उष्णतेत तो जास्त शांत राहतो आणि बिघडला तरी नेहमीच्या कोबाल्टच्या सेलसारखा भडकत नाही. थंडीत मात्र तो अंमळ जास्त कुरकुरतो; धाराशिवला त्याची फिकीर नाही, लेहला असावी. तिसरा प्रकार सुपरकपॅसिटरचा. त्यात साठवण जवळपास नसतेच. गाडीच्या बसलेल्या बॅटरीत जी काही धुगधुगी उरली असेल ती दोन-चार मिनिटं ओढून घेतो आणि एकदम परत देतो. रासायनिक क्रिया नाही म्हणून उणे चाळीसपासून पासष्टपर्यंत त्याला फरक पडत नाही, वर्षभर डिक्कीत पडला तरी चालतो. उणीव अशी की गाडीची बॅटरी ठार मेलेली असेल तर ओढायला काही नसतं, आणि यावर मोबाईल चार्ज होत नाही. तरी मला विचाराल तर आपल्या भागात कायम गाडीत ठेवायला हाच शहाणा पर्याय. किंमत जास्त आहे, आणि तालुक्याच्या दुकानात सहज मिळत नाही, हे खरं. सोडियमच्या बॅटरीवर पुण्यातही काम चालू आहे. केपीआयटी कंपनीनं डिसेंबर २०२३ मध्ये तसं तंत्रज्ञान जाहीर केलं, त्यात पुण्याच्या आयसर संस्थेचा सहभाग होता. सोडियम उन्हाथंडीला लिथियमपेक्षा जास्त सोशिक मानला जातो.

आणि हे काहीच जवळ नसेल, तर जंपर केबल. तांब्याच्या दोन जाड तारा, चार चिमटे. साठ अंश असोत की उणे वीस, तिला काही होत नाही. फक्त समोर दुसरी गाडी लागते आणि तिचा मालक भला लागतो. राष्ट्रीय महामार्गावर रात्री कुणीच नसेल तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे.

राहता राहिला माझा फुगलेला डबा. फुगलेला सेल टोचायचा नाही, दाबायचा नाही, चार्ज करून संपवूया असंही करायचं नाही. मी तो घमेल्यात वाळू घेऊन तिच्यावर ठेवला आणि घमेलं परसात, भिंतीपासून लांब, लिंबाच्या सावलीत नेऊन ठेवलं. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार अशा बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकाची आहे. पेटीवर फुली मारलेल्या कचराकुंडीचं चित्र त्याचसाठी असतं. पत्रकावरचा क्रमांक फिरवला; पलीकडून मोठ्या शहरातला पत्ता सांगितला गेला. कुरिअरवाल्यानं फुगलेला डबा घ्यायला नकार दिला, आणि त्याचं बरोबरच होतं.

पुढच्या आठवड्यात भंगारवाला दारात आला. गाडीची जुनी शिशाची बॅटरी त्यानं लांबूनच ओळखली, दोन्ही हातांनी उचलली, काट्याला लावली, किलोवर भाव सांगितला आणि रोख पैसे मोजून दिले. मग मी घमेल्याकडे बोट केलं. त्यानं वाकून पाहिलं, हात मात्र लावला नाही. "ते राहू द्या मालक. त्याला काय भाव लावू?" असं म्हणून त्यानं गाडा पुढं ढकलला. घमेलं अजून लिंबाखालीच आहे.